चिखलात रुतलेले आमदार आणि नलूताईची शिडी

दापोली-केळशीकडे जाणाऱ्यांना मी नेहमी सांगते, समुद्र बघा, महालक्ष्मीचं देऊळ बघा, मासे खा आणि जमलं तर तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, "तुमचा आमदार कोण?" उत्तर ऐकण्यासारखं असतं. मी पहिल्यांदा तिकडे गेले ती समुद्रासाठी नव्हे. निवडणुकीसाठी गेले, आणि तेही निवडणूक थांबवायला.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. मी पुण्यात एका छापखान्याच्या कार्यालयात नोकरीला होते. एका रविवारी सकाळी माझा मामा घामाघूम होऊन आमच्या घरी आला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "नलीनं विधानसभेचा अर्ज भरलाय. अपक्ष. सासरची माणसं मला तोंड दाखवू देत नाहीत. सुमे, ती तुझं ऐकते. तू जा आणि तिला घरात बसव."

नली म्हणजे माझी मामेबहीण, आमची नलूताई. तिला कांदळवाडीला दिली होती. (गावाचं नाव मी बदललंय. माणसं अजून आहेत आणि कोकणात माणूस विसरतो, अपमान विसरत नाही.) नवरा आगबोटीवर खलाशी, वर्षाचे बरेचसे महिने दर्यावर. घरात सासरे अण्णा, दीर, जाऊ वनिता आणि नलूताईची दोन मुलं. मला वाटलं, चार दिवस रजा काढू, ताईला समजावू, ओल्या काजूची उसळ खाऊ आणि परत येऊ. रजा शेवटी बरीच लांबली.

स्वारगेटहून एसटी. वरंधा घाट उतरून महाड, मग कशेडी चढून खेड आणि तिथून दापोली. हा रस्ता आजही करण्यासारखा आहे, पण पावसाळ्यात वरंधा चालू आहे का ते विचारून निघा. मार्चच्या उन्हात गाडीचा पत्रा असा तापला होता की खिडकीवर कोपर टेकवता येत नव्हतं. खेड सोडल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "खंय उतरणार?" मी गाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "ती बाय उभी हाय तिथली?" मी मान डोलावली. "येडी हाय," म्हणाल्या, आणि जरा वेळानं पिशवीतून दोन जांब काढून माझ्या हातावर ठेवले. "तिला दी एक."

दापोलीच्या स्टँडवर कृषी विद्यापीठाची पोरं टोळक्यानं उभी होती आणि भिंतींवर हात जोडलेल्या माणसाचे फोटो. सगळीकडे एकच चेहरा. केळशीकडे जाणारी गाडी मिळाली. रस्ता तांबडा, वळणांचा, दोन्ही बाजूंना कातळ आणि मोहरलेली कलमं. केळशीच्या अलीकडे एका फाट्यावर उतरले, आंब्याच्या सावलीतून खाडीपर्यंत चालत गेले. पलीकडे कांदळवाडी. इतकी जवळ की चुलीचा धूर दिसत होता. जायला मात्र होडीच.

होडीच्या धक्क्याजवळ तीन कोनशिला होत्या. एकीशेजारी एक, कुठल्याशा घराण्याच्या समाध्या असाव्यात तशा. तिन्हींवर एकच मजकूर, फक्त नावं वेगळी: या पुलाचा पायाभरणी समारंभ अमुक यांच्या शुभहस्ते संपन्न झाला. पुलाचा मागमूस नव्हता. सगळ्यात जुन्या शिळेवर कुणीतरी बोंबील वाळत घातले होते. मला वाटतं, त्या मतदारसंघात सरकारी पैशाचा तेवढाच एक प्रामाणिक उपयोग झाला.

त्या मतदारसंघाचा इतिहास मला अण्णांनी पहिल्याच संध्याकाळी ओसरीवर सांगितला. अण्णा गावच्या मानकऱ्यांपैकी एक, बोलणं संथ, सुपारी कातरत. मी तो इथे माझ्या शब्दांत देते, कारण अण्णांना त्या तिन्ही माणसांबद्दल आदर होता आणि मला नाही.

पहिले आमदार वकीलसाहेब. जुन्या खोतांच्या घरातले. लोक त्यांना मत देत नसत, सारा भरत. कुळकायदा येऊन गेला होता, पण पाठीचा कणा वाकायची सवय कायद्यानं जात नाही. त्यांनी पहिली शिळा बसवली आणि वारले. दुसरे मुंबईकर. मतदारसंघात दर मे महिन्यात येत, आंबे संपले की जात. त्यांना लोक निवडून का देत, असं विचारल्यावर अण्णा म्हणाले, "मोठा माणूस. मुंबईत ओळखी." त्या ओळखींचा गावाला झालेला फायदा म्हणजे दुसरी शिळा. तिसरे हे दुसऱ्याचे सख्खे मेहुणे. आधी त्यांच्या आंब्याच्या पेट्या उचलायचे. मग मेहुण्याशी बिनसलं, तेव्हा त्यांना एकाएकी जनतेवरचा अन्याय दिसला. त्यांनी पक्ष बदलला, निवडून आले, तिसरी शिळा बसवली आणि पुन्हा पक्ष बदलून मेहुण्याच्याच पक्षात गेले. आता ते परत उभे होते. दापोलीच्या भिंतींवरचा चेहरा तो हाच.

"आणि तुम्ही दर वेळी यांनाच?" मी विचारलं.

"गावाचं मत एक असतं," अण्णा म्हणाले. "देवळात ठरतं."

नलूताई मागीलदारी चुलीपाशी होती. मी समजावायला म्हणून आले आहे हे तिला ठाऊक होतं. काजूच्या ओल्या बिया सोलून तिच्या बोटांना चीक लागला होता, त्यावर ती खोबरेल चोळत होती. म्हणाली, "बोल. बाबांनी काय काय सांगायला सांगितलंय?"

मी सगळं बोलले. हसं होईल, घरात भांडणं होतील, एकटी बाई, वगैरे. ती ऐकत राहिली. मग तिनं आवाज खाली आणून सांगितलं की आदल्या वर्षी वनिताला कळा लागल्या तेव्हा ओहोटी होती. होडी मध्येच चिखलात बसली. दापोलीच्या दवाखान्यात पोचायच्या आधी, खाडीतच, बाळ गेलं. मुलगा होता.

"नंतर हा माणूस भेटायला आला," नलूताई म्हणाली. "दारात उभा राहून म्हणाला, पुलाचं मी बघतो. मी चहा ठेवला होता गं त्याच्यासाठी. साखर घालून."

समजावण्याचं काम तिथंच संपलं. दुसऱ्या दिवसापासून मी प्रचाराला लागले.

तिला निशाणी मिळाली होती शिडी. पूल मागणाऱ्या बाईला सरकारनं शिडी दिली, यावर वाडीत सगळे हसून घेत. आमच्याकडे जीप नव्हती, कर्णा नव्हता. चुना आणि गेरू घेऊन आम्ही दगडी गडग्यांवर शिड्या काढत हिंडलो. नलूताई, मी, आणि तिसरी वनिता. वनिता बोलत नसे. चुन्याचं डबडं धरून उभी राही. दिसायला अगदी शाळकरी, आणि डोळे मात्र जणू कुठल्या म्हातारीचे उसने आणलेले.

वाड्या पालथ्या घालताना पायाखाली तापलेला कातळ, चपलेतून चटका बसायचा. घरोघरी आगतस्वागत उत्तम. कोकम सरबत, पोहे, एका घरी शिंपल्यातल्या तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी, ज्याची चव मला अजून कुठल्या खानावळीत सापडलेली नाही. (आता तिकडे घरगुती जेवण मिळतं, पण आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि पनीर मागू नका.) प्रत्येक घरातला पुरुष म्हणायचा, "वयनी, तुमचं बरोबर हाय." प्रत्येक घरातली बाई दाराआडून हसायची. गडगा ओलांडून बाहेर आलो की आतून आवाज यायचा, "नवरा दर्यावर, म्हणून हे सुचतंय."

नलूताईला ते ऐकू यायचं. ती पुढच्या घराची कडी वाजवायची.

मग त्या तिसऱ्या आमदारांचा, म्हणजे साहेबांचा, दौरा ठरला. ते कांदळवाडीला सभा घेणार होते. अर्ज मागे घ्यायची मुदत उलटून गेली होती, तेव्हा नलूताईनं सभेत उभं राहून पाठिंबा जाहीर करावा, अशी गळ घालायची, असं त्यांच्या माणसांनी अण्णांना आधीच कळवलं होतं. वेळ दिली होती भरतीची, दुपारची. आम्ही तिघी त्या दिवशी अलीकडच्या वाड्यांमधून प्रचार करून धक्क्यावर आलो, तर साहेबांची वाट बघत ढोल-ताशेवाले सावलीत झोपलेले. साहेब आले ते ऊन कलल्यावर. वाटेत कुणाकडे जेवले होते. ओठाला विड्याचा रंग होता.

होडी रहमानमामांची. गावातले जुने मुसलमान, बापजाद्यांपासून त्या खाडीत. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "सायेब, पाणी उतरतंय. आता नाय जमायचं. उद्या या."

"अरे, मी याच खाडीतला माणूस. मला शिकवतोस?" साहेब म्हणाले. "चल, हाक."

रहमानमामांनी आमच्याकडे पाहिलं. नलूताई म्हणाली, "आम्हाला घरी जायचंच आहे." आम्ही चढलो. साहेब, त्यांचे दोन कार्यकर्ते, आम्ही तिघी आणि हारांची एक करंडी. कार्यकर्त्यांना ढोलवालेही चढवायचे होते, पण रहमानमामांनी बांबू आडवा धरला.

अर्ध्या खाडीत होडीचा तळ खरवडला, जरा सरकली आणि बसली. मामांनी बांबू रोवून जोर लावला. बांबू चिखलात गेला, होडी हलली नाही. त्यांनी बांबू आडवा ठेवला आणि बिडी पेटवली. "आता पाणी येईल तवा."

साहेबांनी आधी मामांना झापलं, मग कार्यकर्त्यांना, मग खाडीचे बांध बघणाऱ्या खारलँडवाल्या अधिकाऱ्यांना, जे तिथे नव्हते. पाणी उतरत गेलं आणि आमच्या चारी बाजूंना काळा, चकचकीत चिखल उघडा पडला. खेकडे निघाले. पलीकडच्या काठावर गाव जमलं होतं, हार, आरत्या घेऊन, आणि सगळे आमच्याकडे बघत होते. तिथून इथे काही बोललेलं ऐकू येत नव्हतं. हात हलवलेले दिसत होते फक्त.

मग साहेबांना वेळ सत्कारणी लावायची कल्पना सुचली. ते नलूताईकडे वळले. आवाज एकदम मवाळ. "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुमच्यासारख्या बायका पाहिजेतच राजकारणात. पण पायरीपायरीनं. आज तुम्ही मला साथ द्या. तुमच्या दिरांना मी कुठंतरी चिकटवतो. महिलांच्या कमिटीवर तुम्हाला घेतो. आणि पुलाचं म्हणाल, तर मी हेदवीच्या गणपतीला नवस बोललोय."

"गणपतीला कशाला?" नलूताई म्हणाली. "बांधकाम खात्याला बोलायचं."

कार्यकर्त्यांपैकी एक हसला आणि साहेबांनी पाहिल्यावर खोकला. साहेबांनी पुन्हा सुरुवात केली. केंद्र, राज्य, निधी, पर्यावरण, खडक लागत नाही, सर्व्हे झालाय. त्यांचा हा पाठ चालू असताना वनितानं पहिल्यांदा तोंड उघडलं. ती होडीच्या कडेला बसली होती, चुन्याचं डबडं मांडीत.

"इथंच," ती म्हणाली.

"काय इथंच?"

"माझं पोर. होडी अशीच बसलेली. मी तिथं होते, तुमी बसलाय तिथं."

रहमानमामांनी बिडी विझवली. साहेब ज्या फळीवर बसले होते, तिच्याकडे त्यांनी खाली पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल, माणसासारखं. पंधरा-वीस वर्षं बोलून बोलून झिजलेल्या त्या जिभेवर कदाचित एखादा साधा शब्द शिल्लक असेल.

"फार वाईट झालं, बाय," ते म्हणाले. "पुलाचं मी बघतो."

वनिता त्यांच्याकडे बघत राहिली. नुसती बघत राहिली. ते त्यांना सोसवलं नाही. उठले, धोतर खोचलं आणि म्हणाले, "मी जातो चालत." मामांनी हात धरला, "सायेब, रुतशीला," पण ते उतरलेच. दोन पावलांत गुडघ्यापर्यंत, चौथ्यात मांडीपर्यंत. कार्यकर्ते त्यांना उचलायला उतरले आणि तिघंही बसले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, काळा चिखल. शेवटी काठावरून माणसं फळ्या टाकत आली आणि त्यांना ओढून नेलं. दोन्ही चपला खाडीनं ठेवून घेतल्या.

आणि काठावर पोचल्यावर गावानं त्यांना काय केलं असेल? ओवाळलं. बादलीभर पाण्यानं पाय धुतले आणि मग ओवाळलं. आम्ही होडीतून बघत होतो. भरती आली तेव्हा चांगलाच अंधार पडला होता आणि आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा सभा होऊन गेली होती. अण्णांच्या शेजारी बसून साहेब म्हणाले होते म्हणे, की तुमचं दुःख मी आज स्वतः भोगलं. टाळ्या पडल्या.

दोन दिवसांनी ग्रामदेवतेच्या देवळात नारळ ठेवला गेला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, बारा पाचाच्या, गावच्या साऱ्या देवांना साद घालून, की गावाची राखण कर, गाव एक राख, आणि गावाचा शब्द मोडेल त्याचं तू बघ. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. नलूताईला देवळात बोलावलं नव्हतं. घरातली बाकीची सगळी गेली.

मतदान शाळेत झालं. लांबलचक रांग, बायका नव्या लुगड्यांत, पोरांना जत्रेचा आनंद. बाहेर पडणारा जो तो नलूताईच्या जवळून जाताना हळूच म्हणायचा, "वयनी, शिडीवर शिक्का मारलाय." म्हाताऱ्यांनी सांगितलं, पोरांनी सांगितलं, ढोलवाल्यांनीसुद्धा सांगितलं.

मोजणी दापोलीला. आम्ही दोघी मंडपाच्या बाहेर उन्हात उभ्या. आताच्या वाचकांसाठी सांगते, तेव्हा गावोगावच्या पेट्यांमधल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजत. कुठल्या गावानं कुणाला दिलं, ते कळायची सोय नव्हती. पण नलूताईच्या बाबतीत मिसळूनही लपलं नाही. अख्ख्या मतदारसंघात मिळून तिला जेवढी मतं पडली, ती कांदळवाडीच्या मतदारांच्या निम्मीही नव्हती. अनामत गेली. साहेब दणदणीत निवडून आले. गुलाल इतका उधळला की स्टँडवरच्या उसाच्या रसालाही त्याची चव लागत होती.

परतताना नलूताई गाडीत हसायला लागली. "सुमे, ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं ना, तेवढ्यांनी खरंच दिली असती तर मी पालकमंत्री झाले असते." हसता हसता तिनं पदर तोंडावर घेतला, आणि आमच्या फाट्यापर्यंत तो काढला नाही.

घरी आम्ही हातपाय धुऊन मागीलदारी बसलो. वनिता आली, ताटात भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन. ताट ठेवलं आणि तिथंच उभी राहिली.

"वयनी, मी नाय दिलं तुमाला."

नलूताईनं मान वर केली.

"हातात शिक्का घेतला आणि गाऱ्हाणं आठवलं. शब्द मोडेल त्याचं तू बघ." तिनं पोटावर हात ठेवला. "मला परत दिवस गेलेत. दोन म्हयने. कुनाला सांगितलं नाय अजून. मला भ्या वाटलं."

मला काय वाटलं ते सांगते. मला तिचा राग आला नाही. मला त्या देवळात बसलेल्या सगळ्या पांढऱ्या टोप्यांची किळस आली. ज्या बाईचं मूल ह्यांच्या नाकर्तेपणानं गेलं, तिच्या पोटातल्या दुसऱ्या मुलाची भीती घालून ह्यांनी तिचं मत घेतलं. आणि ह्याला आपण लोकशाही म्हणायचं, बोटाला शाई लावायची आणि शाळेला सुट्टी द्यायची.

नलूताईनं वनिताला हाताला धरून खाली बसवलं. ताटातली भाकरी मोडून अर्धी तिच्या हातात दिली. "दोन महिने म्हणजे," ती बोटांवर मोजत म्हणाली, "पाऊस सरायच्या आत नववा लागणार. होडीचा भरवसा नाही." चटणीचं ताट वनिताकडे सरकवलं. "श्रावणातच आपण दोघी दापोलीला जाऊ. खोली घेऊन राहू. अण्णांना मी सांगते."

तिनं सांगितलं. अण्णा चिडले, मग गप्प बसले. निवडणूक हरलेल्या बाईला एक मोकळीक असते, तिच्याकडून कुणाला काही मिळायचं उरलेलं नसतं. श्रावणात त्या दोघी खाडी ओलांडून गेल्या आणि दापोलीत वनिताला मुलगी झाली. धडधाकट, काळीसावळी, फार रडकी.

मी पुण्याला परतले ती कातळावर भाजलेल्या तळव्यांनी आणि पिशवीत ओल्या काजूंसह. छापखान्यात मालकांनी विचारलं, "काय, पडली ना तुमची बहीण?" मी म्हटलं, पडली. ते म्हणाले, मग उपयोग काय झाला? मी प्रुफं पुढे ओढली. पुढे कित्येक वर्षं मी तिकडे जात राहिले. आता तो मतदारसंघही राहिला नाही. फेररचनेत त्याचे तुकडे होऊन शेजारच्यांना जोडले गेले आणि नकाशावरून नाव पुसलं. कुणी हळहळल्याचं मला आठवत नाही. पूल झाला, फार उशिरा, आणि त्याच्या उद्घाटनाच्या फलकावर झाडून सगळ्यांचे फोटो होते. तुम्ही आज त्यावरून गाडीनं जाल, दोन मिनिटांत. खाली खाडीत ओहोटीला तोच काळा चिखल दिसतो. थांबून बघा.

पण मालकांच्या प्रश्नाचं उत्तर मला पूल व्हायच्या कितीतरी आधी मिळालं. दशक सरता सरता पुढची निवडणूक आली. नलूताई पुन्हा उभी होती. साहेबही होते. देवळात पुन्हा नारळ आला, मानकरी बसले, गुरव उभा राहिला. रहमानमामांनीच मला नंतर सांगितलं, कारण तेव्हा ते देवळाबाहेरच्या पारावर बसले होते. गाऱ्हाणं सुरू व्हायच्या आधी वनिता मुलीला कडेवर घेऊन पायऱ्या चढून वर गेली. अण्णा, दीर, सगळं गाव बसलेलं. ती गुरवाच्या समोर उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "माझं आणि हिचं नाव त्याच्यात धरू नका. आमचं आमी देवाला सांगितलंय."

मग मुलीला घेऊन पायऱ्या उतरून घरी गेली. त्या निवडणुकीतही नलूताई पडलीच. पण वनिताच्या मागून, रहमानमामा म्हणाले, आणखी चार बायका देवळातून उठल्या.